धवल शेठची जहाजं आणि आपला नारळ

आपल्या देशात नवी युद्धनौका पहिल्यांदा पाण्यात उतरवतात त्या समारंभाला जलावतरण म्हणतात, आणि ते बहुतेक वेळा एका बाईच्या हातून होतं. बहुधा प्रमुख पाहुण्यांच्या पत्नीच्या. अथर्ववेदातल्या ऋचा म्हटल्या जातात, बाई जहाजाच्या पुढच्या टोकाशी नारळ फोडतात, त्याचं नाव उच्चारतात, त्यावर जे जातील त्यांना शुभेच्छा देतात आणि जहाज पाण्याकडे निघतं. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये 28 सप्टेंबर 2019 रोजी ‘निलगिरी’ला सावित्री सिंह यांनी असं पाण्यात सोडलं आणि 1 सप्टेंबर 2023 रोजी ‘महेंद्रगिरी’ला सुदेश धनखड यांनी. अशा बातम्यांत जहाजाची लांबी, वजन, क्षेपणास्त्रं यांना चार परिच्छेद मिळतात आणि नारळाला अर्धी ओळ. मला त्या अर्ध्या ओळीपाशीच थांबायचं आहे.

भोपाळच्या इंद्रपुरीत राहणाऱ्या बाईने समुद्राच्या गोष्टी कराव्यात हे जरा हसण्यासारखंच. आमच्याकडे पाणी म्हणजे बडा तालाब. पण जहाज, भीती आणि बळी या तिन्ही गोष्टी एकत्र मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि तुम्हीही ऐकल्या आहेत. अष्टाह्निका पर्वात सिद्धचक्र विधान होतं तेव्हा मैनासुंदरी आणि श्रीपाळाची कथा सांगतात ना, त्यात धवल शेठ येतो. आपण मैनासुंदरीच्या निष्ठेपाशी आणि श्रीपाळाच्या कुष्ठापाशी इतके रमतो की धवल शेठचा भाग घाईने उरकला जातो. मला वयाच्या पन्नाशीनंतर तो भाग जास्त महत्त्वाचा वाटायला लागला आहे.

धवल शेठ मोठा व्यापारी. भृगुकच्छच्या, म्हणजे आजच्या भडोचच्या बंदरात त्याची पाचशे जहाजं माल भरून तयार, पण एकही जागचं हलेना. कोणी तरी सांगितलं, देवतेचा कोप आहे, बत्तीस लक्षणांचा पुरुष बळी दिला तर जहाजं चालतील. मग शेठची माणसं तसा पुरुष शोधत फिरली आणि त्यांना परदेशी, एकटा, ओळखपाळख नसलेला श्रीपाळ सापडला. त्याला धरून आणलं. पुढे काय झालं ते ठाऊकच आहे. श्रीपाळाने पंचपरमेष्ठींचं स्मरण केलं, जहाजं हलली, रक्ताचा थेंब सांडला नाही.

कथा सांगणारे चमत्कारावर भर देतात. माझं लक्ष जातं ते शेठने निवडलेल्या माणसाकडे. बत्तीस लक्षणांचा माणूस त्याच्या घरात नसेल? स्वतःच्या मुला-पुतण्यांची लक्षणं त्याने मोजली नाहीत. बळी द्यायचा तर तो ज्याच्यासाठी रडायला गावात कोणी नाही असाच शोधला. भीती शेठची, माल शेठचा, नफा शेठचा आणि मान दुसऱ्याची.

जहाज अडण्याची भीती मात्र खोटी नव्हती, हे मान्य करायला हवं. जहाज जमिनीवर बांधतात, पाण्याकडे उतरत जाणाऱ्या उतारावर. महिनोन्‌महिने ते लाकडी ठोकळ्यांवर आणि पाचरींवर उभं असतं. भरतीची वेळ बघून घसरण्याच्या पट्ट्यांना चरबी किंवा वंगण फासतात, पाचरी काढतात, शेवटची अडण सोडतात. त्यानंतर हजारो टनांचं ते धूड थांबवणं कोणाच्या हातात नसतं. मागचं टोक तरंगायला लागतं, पुढचं अजून जमिनीवर असतं, आणि त्या क्षणी सगळा ताण पुढच्या भागावर येतो. जहाज अडू शकतं, कलंडू शकतं, त्याचा कणाही मोडू शकतो. आजकाल पुष्कळ जहाजं सुक्या गोदीत बांधतात आणि गोदीत पाणी सोडून अलगद तरंगवतात, तिथे ही धाकधूक कमी. पण शेकडो वर्षं हा प्रसंग बाळंतपणासारखाच होता. कोकणात जहाजाच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. शब्द कुठून आला असेल तो असो, मला तरी तो ऐकला की सुईणच आठवते.

अमेरिकेची ‘कॉन्स्टिट्यूशन’ ही प्रसिद्ध युद्धनौका 1797 साली बोस्टनमध्ये अशीच अडली होती. सप्टेंबरात दोनदा प्रयत्न झाला, दोन्ही वेळा थोडीशी सरकून थांबली. तिथे कोणी बत्तीस लक्षणांचा माणूस शोधला नाही. उतार कमी पडतो आहे हे पाहिलं, तो वाढवला, आणि 21 ऑक्टोबरला ती पाण्यात गेली. तेव्हाही कप्तानाने नाळेवर मदिराची, म्हणजे एका जातीच्या वाइनची, बाटली फोडलीच. म्हणजे उतारही वाढवला आणि बाटलीही फोडली. माणूस असाच आहे, एका हाताने हिशोब करतो आणि दुसऱ्या हाताने दृष्ट काढतो.

बाटली आणि नारळ यांच्या मागे रक्त आहे, हे आपल्याला नीट आठवत नाही. तुर्कस्तानात सुलतानांच्या काळी जहाज पाण्यात सोडताना मेंढे कापत. दारू आली ती बहुधा रक्ताच्या जागी आली. लाल वाइन दिसतेही तशीच. आपल्याकडे नारळाबद्दल हेच सांगतात. त्याला शेंडी आहे, डोळे आहेत, तो माणसाच्या डोक्याच्या जागी आहे. लहानपणी मी हे एका शेजारणीकडून ऐकलं आणि नंतर कितीतरी दिवस नारळ सोलताना मला कसंसंच होई.

मुंबईच्या पारशी वाडियांनी मात्र वेगळी रीत ठेवली होती. ते पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीत इंग्रजांसाठी सागवानी जहाजं बांधत. ‘ट्रिंकोमाली’ हे त्यांचं जहाज 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. त्याच्या तळाचा कणा बसवताना पारशी रिवाजाप्रमाणे अक्षरं कोरलेला चांदीचा खिळा ठोकला होता. ना रक्त, ना दारू, ना फोडाफोडी. जहाजात काही तरी मोलाचं घालायचं, आणि तेही स्वतःच्या खिशातून. मला ही रीत फार आवडते. धवल शेठने आपल्या तिजोरीतली एक मोहर जहाजात ठोकली असती तर त्याला कोणी हसलं नसतं.

दारू नको म्हणणारेही निघाले. 24 मार्च 1898 रोजी अमेरिकेत ‘केंटकी’ नावाची युद्धनौका पाण्यात सोडली, तेव्हा तिथल्या गव्हर्नरच्या मुलीने, क्रिस्टीन ब्रॅडलीने, दारूऐवजी लिंकनच्या जन्मस्थानच्या झऱ्याचं पाणी वापरलं. केंटकी हा व्हिस्कीसाठी प्रसिद्ध प्रांत, तिथल्या मुलीने हे करायला धाडस लागलं असेल. आपल्या घरांतल्या लग्नांतही ज्या मुली आता ‘हे नको’ म्हणतात, त्यांची मला आठवण झाली.

तर रक्ताच्या जागी दारू, दारूच्या जागी पाणी, मुंडक्याच्या जागी नारळ. ही प्रगती आहे ना? बहुतेक लोक इथे समाधानाने थांबतील. आपल्या आचार्यांनी मात्र आपल्याला इथे थांबू दिलेलं नाही, कारण आपल्याकडे यशोधराची कथा आहे.

सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात ‘यशस्तिलक’ लिहिलं, पुष्पदंतांनी अपभ्रंशात हीच कथा सांगितली. उज्जयिनीचा राजा यशोधर. (श्रीपाळाची मैनासुंदरीही उज्जयिनीचीच. भोपाळहून उज्जैन तीन-साडेतीन तासांवर, म्हणून मला या दोन्ही कथा अगदी शेजारच्या वाटतात.) राजाला अशुभ स्वप्न पडलं म्हणून आई चंद्रमती म्हणाली, देवीला पशुबळी दे. राजा तयार होईना. आई ऐकेना. शेवटी मधला मार्ग निघाला, पिठाचा कोंबडा करून तो कापायचा. जीव गेला नाही, आईचा शब्दही राहिला. आपण सगळ्या गृहिणी हा मधला मार्ग रोज काढतो, त्यामुळे मला त्या राजाची दया येते. पण कथा दया करत नाही. त्या एका पिठाच्या कोंबड्यासाठी आई आणि मुलगा दोघं मोर, कुत्रा, साप, मासा, बोकड अशा जन्मांतून फिरत राहिले आणि प्रत्येक जन्मात कोणाच्या तरी हातून मारले गेले.

पिठाला जीव नसतो, मग पाप कसलं? कथेचं उत्तर असं की सुरी चालवताना मनात कोंबडाच होता. अमृतचंद्राचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त हिंसेची जी व्याख्या केली तीही हीच, की रागादी भाव मनात उठले तिथेच हिंसा झाली. त्या मापाने नारळाकडे पाहा. फळ म्हणून फोडला, खोबरं वाटलं, गोष्ट वेगळी. ‘हे डोकं घे आणि माझं जहाज सोड’ अशा मनाने फोडला, तर तो पिठाचा कोंबडाच. आमच्या देवळात श्रीफळ चढवतात, फोडत नाहीत. लहानपणी मला वाटायचं, फरशी खराब होते म्हणून.

नौदलाच्या समारंभात नारळ फोडणाऱ्या बाईंच्या मनात काय असतं ते आपण कसं सांगणार? मला वाटतं, बहुतेकींच्या मनात ‘सगळं नीट होऊ दे’ एवढंच असेल. ही इच्छा झाली. इच्छा आणि सौदा यात फरक आहे. समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त तीन मूढता सांगितल्या, त्यातल्या लोकमूढतेत पुण्य समजून नदी-समुद्रात स्नान करणं येतं, वाळू-दगडांचे ढीग रचणं येतं. देवमूढता म्हणजे वर मिळावा या आशेने रागद्वेषी देवतांच्या मागे लागणं. त्यात दोष कुठे, तर ‘मी तुला हे देतो, तू मला ते दे’ यात. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला सोनेरी कागदाने मढवलेला नारळ दर्याला देतात, त्याला मी चटकन मूढता म्हणणार नाही. त्यांच्या धंद्याबद्दल आपलं मत काहीही असो, ज्याच्या घरचा माणूस रोज त्या पाण्यावर जातो त्याचा नमस्कार आणि धवल शेठची मागणी एका तराजूत घालता येत नाही.

शकुनाचा दुसरा त्रास असा की तो आपले डोळे भलतीकडे लावतो. ‘टायटॅनिक’ बुडाली कारण तिच्यावर बाटली फोडली नव्हती, असं अजून सांगतात. बाटली फोडली नव्हती हे खरं आहे. पण त्या कंपनीची पद्धतच तशी होती, ती कुठल्याच जहाजावर बाटली फोडत नसे. टायटॅनिकची थोरली बहीण ‘ऑलिंपिक’ त्याच कारखान्यात, त्याच आराखड्यावर बांधली, तिच्यावरही बाटली फुटली नाही, आणि ती 1911 पासून 1935 पर्यंत चोवीस वर्षं लोकांची ने-आण करत राहिली. तिची गोष्ट कोणी सांगत नाही. फसलेला शकुन लक्षात राहतो, विसरलेला शकुन कोण मोजतो?

याच्या उलटही होतं. 21 जून 1898 रोजी लंडनमध्ये टेम्स नदीत ‘अल्बियन’ ही युद्धनौका सोडली. राजघराण्यातली डचेस आली होती. जहाज पाण्यात शिरलं तशी मोठी लाट उठली आणि बाजूच्या एका कच्च्या फलाटावर उभे असलेले लोक पाण्यात फेकले गेले. तीसहून जास्त माणसं बुडाली, त्यात बायका आणि मुलंच अधिक. जयघोष इतका चालला होता की पुष्कळांना ते कळलंही नाही. जहाजासाठी मंगलकामना झाली होती, फलाटावरच्या माणसांचा विचार कोणाच्या मनात आला नव्हता. मी हे वाचलं तेव्हा पहिला शब्द आठवला तो प्रमाद. आपल्याकडे प्रमादाला हिंसेचं मूळ मानतात, म्हणजे मारण्याचा हेतू नव्हता एवढ्याने सुटका होत नाही, पाहायला हवं होतं ते पाहिलं नाही हेही त्यात येतं.

आपल्या घराजवळचं उदाहरण ‘बेतवा’चं. बेतवा नदी आमच्या शेजारच्या रायसेन जिल्ह्यात उगम पावते; भोजपूरला शांतिनाथांच्या उंच मूर्तीच्या दर्शनाला जाताना आपण तिच्या काठानेच जातो. तिच्या नावाची युद्धनौका 5 डिसेंबर 2016 रोजी मुंबईच्या गोदीतून बाहेर काढताना तोल जाऊन कलंडली आणि दोन नौसैनिक गेले. नौका नंतर सरळ उभी केली, दुरुस्त झाली. ती कोलकात्याला पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हाही नारळ फुटलाच असणार. त्या दोन मुलांच्या आयांना ‘नारळ नीट फुटला नसेल’ असं कोणी म्हटलं असेल तर ते अंधश्रद्धेपेक्षा वाईट, ते क्रौर्य आहे.

आता बाईच्या मानाबद्दल. जुन्या दर्यावर्दींची ठाम समजूत होती की जहाजावर बाई असली की अपशकुन. आणि तेच जहाज पाण्यात सोडायला मात्र बाईचाच हात हवा! नाव तिने ठेवायचं, आशीर्वाद तिने द्यायचा आणि काठावर थांबायचं. बारशाला आत्याला बोलावतात, मुलाचं शिक्षण ठरवताना नाही, तसंच हे. शिवाय आपल्या समाजात मंगलकार्याला सवाष्णच लागते. इथे मला एक गोष्ट फार समाधान देते. भारतात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका, आधीची ‘निलगिरी’, माझगावला 23 ऑक्टोबर 1968 रोजी इंदिरा गांधींनी पाण्यात सोडली. फिरोज गांधी 1960 सालीच गेले होते. म्हणजे देशाची पहिली मोठी युद्धनौका एका विधवेच्या हातून पाण्यात गेली. ती 1972 मध्ये नौदलात दाखल झाली आणि 1996 पर्यंत तिने सेवा केली. आपल्या ओळखीतल्या ज्या बहिणी नवरा गेल्यावर भाचीच्या हळदीला मागच्या खोलीत बसतात, त्यांना मी ही तारीख मुद्दाम सांगते. 2017-18 मध्ये सहा नौदल अधिकारी मुली गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. आणि 2023 मध्ये प्रेरणा देवस्थळी या आपल्या मराठी मुलीची ‘त्रिंकट’ या युद्धनौकेच्या प्रमुखपदी नेमणूक झाली, नौदलाचं जहाज हाती घेणारी पहिली स्त्री. आता अपशकुन कोणाला?

आपल्या जैन समाजाचं आणि समुद्राचं नातं तसं अवघडलेलंच. 1893 मध्ये वीरचंद गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून समाजातल्याच लोकांनी त्यांना विरोध केला. आणि सोलापूरच्या जैन घरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1919 मध्ये सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून इंग्लंडला पाठवलं. 5 एप्रिल हा त्याचा दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. ते जहाज त्यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेलं जुनं जहाज होतं, आधीचं नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. जहाजाचं नाव बदललं की अरिष्ट येतं असं दर्यावर्दी मानतात. ग्वाल्हेरच्या महाराजांनी ते आधीच बदललं होतं, आणि वालचंदांनी असं जहाज खुशाल घेतलं. पुढे विशाखापट्टणमला त्यांच्या कंपनीच्या कारखान्यात ‘जलउषा’ बांधली गेली आणि 14 मार्च 1948 रोजी पंडित नेहरूंनी ती पाण्यात सोडली. हे वाचताना मला अभिमान वाटतो. ते मालवाहू जहाज होतं, त्यामुळे अभिमानात काही खुपत नाही.

खुपतं ते पुढे. 26 जुलै 2009 रोजी त्याच विशाखापट्टणमला गुरशरण कौर यांनी एका पाणबुडीवर नारळ फोडला. भारताने बांधलेली पहिली अणुपाणबुडी, अण्वस्त्रं वाहणारी. तिचं नाव ‘अरिहंत’.

णमोकार मंत्राचं पहिलं पद ज्यांना वंदन करतं त्यांचं नाव. सकाळी डोळे उघडले की आपल्या तोंडी येतं ते नाव. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात ‘शत्रूंचा नाश करणारा’ हा संस्कृत अर्थ होता, त्यात त्यांची काही चूक नाही, अरि आणि हंत हे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत. आपल्या परंपरेत अरि म्हणजे आतले शत्रू, कर्मं, कषाय. नाव तेच, आणि अर्थात एवढं अंतर की मध्ये सगळा समुद्र मावेल. काही जणांना राग आला, काहींना उलट अभिमान वाटला. मला दोन्ही पूर्ण जमलं नाही.

राग का जमला नाही, तर श्रावकाला शास्त्राने जे सांगितलं आहे ते मी विसरू शकत नाही. हिंसा चार प्रकारची सांगतात. ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, धंद्यात होणारी उद्योगी आणि स्वतःचं, दुसऱ्याचं रक्षण करताना होणारी विरोधी. गृहस्थाला संकल्पी पूर्ण सोडायला सांगितली, बाकीच्या तीन शक्य तितक्या कमी करायला. भारताने अण्वस्त्र आधी वापरणार नाही असं धोरण जाहीर केलं आहे, म्हणजे त्या पाणबुडीला विरोधी हिंसेच्या खान्यात बसवता येतं. कागदावर तरी. पण विरोधी हिंसेत समोर शत्रू असतो, हातात शस्त्र घेतलेला. अण्वस्त्राच्या समोर कोण असतं? स्वयंपाक करणाऱ्या बायका असतात, दप्तर भरणारी मुलं असतात, गोठ्यातली जनावरं असतात. त्या फलाटावरच्या माणसांसारखी, ज्यांचा विचार मंगलकामनेत कोणी केला नव्हता. भोपाळमध्ये राहणाऱ्यांना वाऱ्याबरोबर आलेला मृत्यू म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. 1984 च्या डिसेंबरातली ती रात्र इथे अजून घराघरात आहे. तेव्हा तो शस्त्र नव्हता, प्रमाद होता. म्हणून मला अभिमानही पूर्ण जमत नाही.

आमच्या स्वाध्याय गटात एका ताईंचा मुलगा नौदलात आहे. तो नव्या जहाजावर रुजू झाला तेव्हा त्यांनी प्रभावना म्हणून सगळ्यांना श्रीफळ वाटलं. आमच्यातल्या एक ज्येष्ठ काकू, फार अभ्यासू, व्रती आहेत, त्यांनी हात जोडले पण श्रीफळ घेतलं नाही. म्हणाल्या, “लेकरू सुखरूप राहो, पण तोफांच्या जहाजाचा आनंद मला साजरा करता येणार नाही.” गटात एकदम शांतता. कोणी ताईंची बाजू घेतली, कोणी काकूंची. देशाच्या सीमेवर कोणी उभं आहे म्हणून आपण इथे अहिंसेवर बोलत बसतो, असंही कोणी तरी ऐकवलं, आणि ते खोटं नाही. काकूंचंही खोटं नव्हतं. ज्या त्यागाची किंमत त्या स्वतः रोज मोजतात, त्यात त्यांना सूट नको होती, आणि त्यांनी ती दुसऱ्याच्या मुलावर लादलीही नाही. धवल शेठ आणि काकू यांच्यात हा केवढा फरक आहे!

मी मात्र ताईंकडे पाहत होते. त्या भांडल्या नाहीत. नंतर चपला घालताना मला म्हणाल्या, “मी रोज भक्तामरातला समुद्राच्या भयाचा श्लोक म्हणते.” तो तुम्हाला पाठ असेलच. खवळलेला समुद्र, मगरी, वडवानल, लाटांच्या टोकावर लटकणारं जहाज, आणि तुझ्या स्मरणाने माणसं निर्भयपणे पार जातात. मानतुंगाचार्यांची समाधी भोजपूरला आहे असं परंपरेने मानतात, म्हणजे पुन्हा बेतवेच्या काठी. मी विचारलं, “श्लोक म्हटल्याने तो सुरक्षित राहील असं वाटतं?” हे विचारणं जरा निष्ठुरच होतं. त्या म्हणाल्या, “त्याच्यासाठी कुठे म्हणते? त्याच्यासाठी त्याचं शिक्षण आहे, पोहणं आहे, त्याचे साहेब आहेत. मी म्हणते ते मला झोप लागावी म्हणून. आणि एक सांगू? त्या श्लोकात जहाज कोणाचं, ते लिहिलेलंच नाही.”

मी घरी येऊन पुन्हा पाहिलं. खरंच लिहिलेलं नाही.

9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात आपली ‘खुकरी’ पाणतीराने बुडाली, तिच्याबरोबर 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले, कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता गेले. बुडालेल्या जहाजाचं नाव पुन्हा ठेवू नये, असं जगभरचे खलाशी म्हणतात. आपल्या नौदलाने 1989 मध्ये नव्या जहाजाला तेच नाव दिलं, आणि ते बत्तीस वर्षं चालून 2021 मध्ये निवृत्त झालं. ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्या 1971 च्या पाकिस्तानी पाणबुडीवर किती मुलं होती असं विचारलं. मला माहीत नव्हतं.

काकूंनी न घेतलेलं ते श्रीफळ त्या दिवशी मंदिराच्या ओट्यावरच राहिलं. संध्याकाळी माळीदादांनी विचारून घरी नेलं.